पर्जन्य, वने आणि माळराने

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा लेखरूप पाठ)



संस्थेच्या वाटचालीतील महत्त्वाचे वर्ष आले की वृक्षारोपणाचा संकल्प सोडण्याची प्रथा महाराष्ट्रात आता चांगलीच रुजली आहे. शाळा, देवस्थाने, सहकारी संस्था, न्यास अशा सर्वांच्या कार्यक्रमपत्रिकेत ते एक कलम असतेच. या संकल्पामागील भावना निर्मळ असते, यात शंका नाही. परंतु कोणत्या भूमीवर वृक्ष उभा राहावा आणि कोणत्या भूमीवर गवत डोलावे, हे ठरवतो कोण, हा प्रश्न मात्र खड्डे खणण्यापूर्वी क्वचितच विचारला जातो. माणसाने कुदळ हाती घेण्याच्या लक्षावधी वर्षे आधी हा निर्णय सूर्य, वारा आणि पाऊस यांनी मिळून केलेला आहे. त्या निर्णयाची कारणमीमांसा समजून घेणे हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

हवामान आणि वनस्पतिसृष्टी यांचा संबंध शास्त्रीय रीतीने प्रथम ठसठशीतपणे मांडला तो जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी. १८०२ साली फ्रेंच सहकारी एमे बोंप्लां यांच्यासह ते दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो या ज्वालामुखी पर्वतावर चढले. शिखर त्यांना गाठता आले नाही, पण चढता चढता जे दिसले ते शिखराहून मोलाचे होते. पायथ्याशी उष्ण कटिबंधातील दाट अरण्य, त्यावर मध्यम थंडीची झाडे, पुढे झुडपे, मग गवत, मग शेवाळे व दगडफूल आणि अखेरीस बर्फ! विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत प्रवास करताना जे पट्टे हजारो किलोमीटरमध्ये आढळावेत ते एकाच पर्वताच्या अंगावर एकावर एक रचलेले होते. पुढे १९०० साली व्लादिमिर क्योपेन यांनी जगाच्या हवामानाचे वर्गीकरण केले, तेव्हा त्यांनी विभागांच्या सीमा वनस्पतींवरून आखल्या. हवामानाची नोंद करणारी ठाणी त्या काळी थोडी होती. वनस्पती मात्र सर्वत्र होत्या, आणि त्यांच्याइतका प्रामाणिक नोंदवहीकार दुसरा नाही. आपल्या देशात हेच कार्य वनाधिकारी एच. जी. चॅम्पियन यांनी १९३६ साली केले. १९६८ मध्ये एस. के. सेठ यांच्यासह त्याची सुधारित मांडणी प्रसिद्ध झाली. भारतातील वनांचे सोळा गट त्यात सांगितले आहेत आणि वनखात्यात आजही तीच परिभाषा चालते.

ढोबळ नियम सोपा आहे. उष्णता आणि ओलावा ही दोन्ही वर्षभर मुबलक मिळाली तर सदाहरित अरण्य. उष्णता आहे पण ओलावा ठरावीक महिन्यांपुरताच, तर पानझडी वन. ओलावा त्याहून कमी झाला तर विरळ काटेरी झाडांचे गवताळ माळरान. आणि तोही आटला तर वाळवंट. थंडी वाढत गेली की सूचिपर्णी वृक्षांची वने आणि त्यापलीकडे वृक्षहीन टुंड्रा. विषुववृत्तावर तापलेली हवा वर चढते, तेथे पाऊस सांडते आणि कोरडी होऊन सुमारे तीस अक्षांशांच्या आसपास खाली उतरते. म्हणून सहारा, अरबस्तान यांसारखी वाळवंटे त्या पट्ट्यात सापडतात. नकाशात हे चित्र नीटनेटके दिसते. प्रत्यक्षात मात्र डोंगर, समुद्र आणि वारे त्यात इतके फेरफार करतात की नियमापेक्षा अपवादांचा अभ्यासच अधिक रंजक ठरतो. त्यासाठी चिंबोराझोपर्यंत जाण्याचे कारण नाही. मुंबईहून निघून पूर्वेकडे सोलापूरपर्यंतचा प्रवास डोळे उघडे ठेवून केला तरी पुरे आहे.

जून महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्पाने लादलेले येतात. कोकणपट्टीत ते वर्षाला दोन ते तीन हजार मिलिमीटर पाऊस देतात. पण त्यांचे खरे दान पुढे आहे. समोर सह्याद्रीची भिंत उभी असल्याने वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. हवा वर चढली की थंड होते. दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी तापमान उतरते. थंड हवेत बाष्प धरून ठेवण्याची शक्ती कमी, म्हणून ते पावसाच्या रूपाने कोसळते. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आंबोलीत त्याहूनही जास्त. माथा ओलांडला की तीच हवा उतारावरून खाली येते, खाली येताना तापते, आणि तापलेली हवा बाष्प सोडण्याऐवजी शोषू लागते. महाबळेश्वरापासून पाचगणी अवघे वीस किलोमीटर. तेथे पाऊस सुमारे एक-तृतीयांशावर येतो. पसरणीचा घाट उतरून वाईस पोहोचावे तो हजार मिलिमीटरच्या बराच खाली गेलेला असतो. लोणावळ्यास चार हजारांहून अधिक आणि पुण्यास सातशेच्या आसपास, हाही त्याच भिंतीचा प्रताप. आणखी पूर्वेस फलटण, माण, खटाव, आटपाडी या तालुक्यांत पाऊस चारशे ते पाचशे मिलिमीटरवर येऊन ठेपतो. एका दिवसाच्या मोटार-प्रवासात माणूस जगातील अत्यंत पावसाळी प्रदेशांपैकी एकातून निमओसाड प्रदेशात पोहोचतो. इतके अल्प अंतर आणि इतका मोठा पालट फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळतो.

आता कोणी असे म्हणेल की, साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या महाबळेश्वरी केरळ-कर्नाटकासारखी गगनचुंबी अरण्ये का नाहीत? येथील जांभूळ, अंजनी, पिसा यांची रानेही सदाहरितच. पण ती बुटकी, वेड्यावाकड्या फांद्यांची. उत्तर पावसाच्या आकड्यात शोधू नये, त्याच्या दिनदर्शिकेत शोधावे. महाबळेश्वरचा जवळजवळ सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेले सात-आठ महिने झाडांना साठवणीवर काढावे लागतात. केरळात नैर्ऋत्य मोसमी पावसापाठोपाठ परतीचा पाऊस येतो, वळवाच्या सरीही पुरेशा होतात, आणि कोरडे महिने दोन-चारच उरतात. सह्याद्रीवर दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना पावसाची बेरीज फारशी घटत नाही, पण कोरड्या महिन्यांची संख्या वाढत जाते, आणि त्याबरोबर सदाहरित वृक्षांच्या जाती एकेक करून गळत जातात. वृक्षांबरोबर त्यांचे आश्रितही मागे थांबतात. सिंहपुच्छ वानर वर्षभर फळे देणाऱ्या अरण्यावर जगतो. तो कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या पुढे येत नाही. मनुष्याला भूक लागते तशी ती वानरालाही रोज लागते, आणि सरासरी पर्जन्यमानाने ती भागत नाही.

शेकरू मात्र महाराष्ट्राच्या वाट्याला आली, आणि राज्यप्राणी म्हणून तिचा गौरवही झाला. तिच्यासाठी १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेपावत जगणारा हा जीव. जमिनीवर तो क्वचितच उतरतो. फांदीला फांदी भिडलेली असेल तोवरच त्याचे आयुष्य सुरक्षित. मधली दहा झाडे तुटली तर त्याच्या लेखी रस्ताच बंद झाला. या प्राण्याची आठवण पुढे एका अगदी उलट स्वभावाच्या पक्ष्याचा विषय येईल तेव्हा ठेवावी.

घाटमाथ्यावर आणखी एक नवल आहे. साताऱ्याजवळील कासचे पठार १२०० मीटरच्या आसपास उंचीवर, पाऊस भरपूर. तरीही तेथे झाडे नाहीत. जांभ्या खडकाचा सडा आणि त्यावर बोटभर माती! पावसाळ्यात ही माती चिखल होऊन राहते, उन्हाळ्यात तव्यासारखी तापते. मुळे खोल नेऊ पाहणाऱ्या वृक्षाला येथे थारा नाही. मग येथे जगतात ते कंद जमिनीत दडवून आठ महिने निजणारे वायतुऱ्यासारखे जीव, आणि नत्राच्या अभावी कीटक पकडून उपजीविका करणाऱ्या दवबिंदू व सीतेची आसवे या वनस्पती. आंबोलीच्या सड्यावरील एक चिमुकला भेक पहिल्या पावसाने खडकातील खळग्यांत साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. २००९ साली शास्त्राने त्याला नाव दिले, आणि त्या परिसराबाहेर तो कोठे आढळलेला नाही. घाटउतारावरील कारवी सात-आठ वर्षे केवळ वाढते, मग एका पावसाळ्याअखेर सारी एकदम फुलते, बी टाकते आणि मरते. तिच्या वाळल्या काठ्यांनी घाटातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या. पावसाच्या त्या चार महिन्यांत भूमी सूक्ष्म व स्थूल जीवांनी अशी भरून जाते की पाऊल कोठे ठेवावे असा प्रश्न पडावा. चातुर्मासातील स्थिरवासाच्या नियमामागे हेच निरीक्षण आहे, हे या सभेस वेगळे सांगणे न लगे. २०१२ साली कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार स्थळे पश्चिम घाटाच्या इतर स्थळांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. कासला तेव्हापासून गर्दीचा प्रश्न आहे; उपेक्षेचा नाही.

उपेक्षा आहे ती पुढच्या मुक्कामी.

पर्जन्यछायेतील दख्खनचे माळ पाहून प्रवासी सहसा तोंड फिरवतो. जानेवारी ते मे या काळात तर तेथे पिवळे खुंट, मुरमाड उतार आणि एखादे हिवराचे झाड यापलीकडे काही दिसत नाही. येथे पूर्वी घनदाट अरण्य होते आणि माणसाने ते तोडून टाकल्यामुळे हा उजाडपणा आला, अशी समजूत शिकल्यासवरल्या लोकांतही घर करून आहे. काही ठिकाणी वृक्षतोडीने हानी झाली, हे खरेच. पण संपूर्ण माळाचा उलगडा तेवढ्याने होत नाही. आफ्रिकेतील ८५४ ठिकाणांच्या माहितीवरून महेश शंकरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. वार्षिक पाऊस साधारण ६५० मिलिमीटरच्या खाली असेल तर वृक्षांचे छत्र किती दाट व्हावे याची मर्यादा पाऊसच घालून देतो. आग लावा वा विझवा, गुरे चारा वा न चारा, त्या मर्यादेपलीकडे वृक्ष वाढत नाहीत. त्यावर पाऊस गेला की मग आग आणि चराई झाडांना रोखून धरतात. आफ्रिकेचा आकडा जसाच्या तसा येथे लावणे योग्य नव्हे. माती वेगळी, पावसाचा हंगाम वेगळा. तरीही माण-खटावचा चारशे-पाचशेचा पाऊस, त्याखाली बसाल्टी खडकावरील वीतभर मुरूम, आणि आठ महिन्यांचा कोरडा काळ यांचा एकत्र विचार केला म्हणजे तेथे गवत का आणि अरण्य का नाही, हे कोडे उरत नाही.

गवत हा दुबळा जीव आहे, ही दुसरी गैरसमजूत. उन्हाळ्यात मेलेले दिसणारे गवत जमिनीखाली जिवंत असते. बहुवर्षायू गवताचा मोठा भाग मुळांच्या रूपाने खालीच असतो. झाडाचा वाढीचा कोंब शेंड्यावर, तर गवताचा जमिनीलगत. म्हणून शेळीने झाडाचा शेंडा खाल्ला तर झाड खुरटते, गवताचे पाते खाल्ले तर ते पुन्हा वाढते. शिवाय उष्ण प्रदेशातील बहुतेक गवतांनी हवेतील कर्ब ग्रहण करण्याची एक निराळी, काटकसरी पद्धत आत्मसात केली आहे. तिच्यामुळे पर्णरंध्रे फार वेळ उघडी न ठेवताही अन्न तयार होते आणि पाणी कमी खर्चावे लागते. ज्वारी व बाजरी याच गटातील गवते होत. सोलापूरकडचा शाळू थंडीत केवळ जमिनीतील ओलीवर पोसतो, त्यात या पद्धतीचा वाटा मोठा आहे. माळावरची कुसळी तर यंत्रशास्त्राचा नमुनाच म्हणावी. तिच्या बियाला लांब पिळदार कुसळ असते. दव पडले की पीळ उलगडतो, ऊन लागले की पुन्हा बसतो; असे फिरत फिरत बी स्वतःच स्वतःला जमिनीत रुजवून घेते. मेंढ्यांच्या लोकरीत आणि धोतराच्या काठात घुसून हैराण करणारे हे कुसळ, पण त्याच्या जोरावरच हा माळ दर पावसाळ्यात पुन्हा पेरला जातो. शेडा, पवना, मारवेल, डोंगरी ही तिची भावंडे. देशातील गवताळ प्रदेशांची मोठी पाहणी करून दाबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ साली जे प्रमुख प्रकार सांगितले, त्यांत दख्खनच्या गवताळ प्रदेशाचे नावच शेडा-मारवेल या दोन गवतांच्या शास्त्रीय कुळनामांवरून आहे.

या गवताच्या आधाराने जगणारे प्राणी अरण्यातील प्राण्यांहून स्वभावाने आणि शरीराने निराळे आहेत. काळवीट झाडीत लपत नाही. तो दूरवर पाहतो आणि वेगाने पळतो. दाट झाडीत त्याचे डोळे आणि पाय दोन्ही निरुपयोगी ठरतील. अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरी येथे त्याच्यासाठी १९८० साली अभयारण्य झाले. क्षेत्र सव्वादोन चौरस किलोमीटरही भरत नाही. चिंकारा पाणवठ्याविना दीर्घकाळ राहू शकते. पाला आणि गवत यांतील ओलाव्यावर तिचे भागते. लांडगा, खोकड, तरस, धाविक, चंडोल ही सारी मोकळ्या भूमीची प्रजा. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरील गळ्याशी निळ्या-केशरी पंख्यासारखी कातडी फुलवणारा सरडा २०१६ साली नवी जाती म्हणून नोंदला गेला, आणि त्याच्या नव्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी आपलाच मराठी शब्द, ‘सरडा’, नाव म्हणून दिला. शास्त्रीय नामावलीत मराठीला असा मान क्वचितच मिळाला असेल.

माणसाचीही गणना यांतच करावयास हवी. गवळी धनगर पावसाळी घाटमाथ्यावर म्हशी पाळतात, तर मेंढपाळ धनगर कोरड्या देशावर राहतात. मेंढीचे खूर आणि लोकर सततच्या पावसात टिकत नाहीत, हे या विभागणीचे साधे कारण. म्हणूनच फलटण-माणकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर वाडे हलवून घाट उतरतात, कोकणातील भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढ्या बसवतात आणि मृगाच्या आधी परत देशावर येतात. सह्याद्रीच्या भिंतीने केलेले पावसाचे दोन भाग त्यांनी एका वर्षाच्या चक्रात गुंफून घेतले आहेत.

विदर्भाकडे वळले की पाऊस पुन्हा वाढतो. तेथे बंगालच्या उपसागरावरून येणारे कमी दाबाचे पट्टे मदतीस येतात. नागपुरास हजार मिलिमीटरहून थोडा अधिक, गडचिरोलीस त्याहून बराच जास्त. येथे सागाची पानझडी वने आली. साग ओल संपताच पाने टाकून देतो. मोह व पळस निष्पर्ण अवस्थेत फुलतात, जेणेकरून परागीभवन करणाऱ्या पाखरांना फुले दुरून दिसावीत. ताडोबाचे अरण्य १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि व्याघ्रदर्शनाच्या निमित्ताने त्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. येथे अधिक विस्तार नको.

माळाकडे परत येणे अगत्याचे आहे, कारण हानी तेथे होत आहे. महसुलाच्या भाषेत ज्या जमिनीवर पीक येत नाही ती पड, आणि सातबारावर तिची नोंद पोटखराबा. खराबा हा शब्दच पुढच्या विचाराची दिशा ठरवून टाकतो. केंद्र सरकारने उपग्रहचित्रांच्या आधारे २००० साली पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यातील वर्गवारीत झुडपी आणि चराऊ जमिनींचे मोठे क्षेत्र मोडते. जी जमीन कागदावर पडीक, तिचा ‘विकास’ करावयाचा हे ओघानेच आले. मग चर खोदून तेथे गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली जाते, औद्योगिक वसाहत येते, सौरपट्ट्या येतात. महाराष्ट्र शासनाने २०१६ ते २०१९ या चार वर्षांत अनुक्रमे दोन, चार, तेरा आणि तेहेतीस कोटी रोपांची उद्दिष्टे जाहीर केली. एवढी रोपे लावावयास मोकळी जागा हवी, आणि मोकळी जागा म्हटली की बोट माळाकडेच वळते.

माळ हा उजाडलेला रानवटा नसून मूळचाच माळ आहे, याला मराठी वाङ्मयाची साक्षही मिळाली आहे. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातील व लोकपरंपरेतील वनस्पतींचे उल्लेख गोळा करून २०२५ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘लीळाचरित्रा’सारखा ग्रंथ महानुभावांनी धर्मभावनेने लिहिला, पण त्यात स्थळाची, झाडाची नोंद इतकी नेमकी असते की सातशे वर्षांनी ती वनस्पतिशास्त्राच्या कामी आली. या उल्लेखांतील मोठा भाग काटेरी, मोकळ्या माळरानात वाढणाऱ्या वनस्पतींचा निघाला. इंग्रज यायच्या, रेल्वे यायच्या कितीतरी आधीपासून पश्चिम महाराष्ट्राचा हा भाग माळच होता. भूगर्भातील पुरावे तर शतकांची गोष्ट सोडून युगांची बोलतात. हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकच्या थरांत काटकसरी गवतांचा प्रसार सुमारे ७० ते ८० लक्ष वर्षांपूर्वी झालेला दिसतो.

शेकरूच्या उलट स्वभावाचा पक्षी असे ज्याच्याविषयी वर म्हटले तो माळढोक. दहा-बारा किलो वजनाचा, मीटरभर उंचीचा हा पक्षी झाडावर बसू शकत नाही. फांदी धरण्यास आवश्यक असलेले मागचे बोटच त्याच्या पायाला नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. शत्रू दुरून दिसावा म्हणून भोवती उंच काही नको, हीच तिच्या पिल्लाची तटबंदी. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात या पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य घोषित झाले. कागदावरचे त्याचे क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरइतके प्रचंड होते, म्हणजे गावे, शेते, बाजारपेठा सर्व त्यात. लोकांना आपल्याच जमिनीवरील व्यवहारात त्यामुळे जाच झाला, पक्ष्याविषयी राग उत्पन्न झाला, आणि २०१२ साली ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. रेखांकन मोठे असल्याने पक्षी वाचला नाही आणि छोटे केल्यानेही वाचला नाही. कारण दरम्यान कालव्यांचे पाणी आले, ज्वारीच्या जागी ऊस व द्राक्षे आली, विजेच्या तारा आल्या आणि गवत तुकड्यातुकड्यांत विभागले गेले. आज देशभरात निसर्गात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी असून ते मुख्यत्वे राजस्थानात जैसलमेरकडे आहेत. नान्नजला अलीकडच्या पाहणींत एखादा पक्षी दिसणे हीच बातमी ठरली आहे. जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून त्यांची अंडी कृत्रिमरीत्या उबवून पिल्ले वाढवली जात आहेत. पण वाढवलेली पिल्ले सोडावयाची कोठे, याचे उत्तर उबवणी केंद्रात मिळणार नाही.

एक रोप लावणारा हात आणि एका पक्ष्याचे घर उठवणारा हात एकच असू शकतो, ही गोष्ट मनाला पटवून घेणे अवघड जाते. झाड लावणे म्हणजे पुण्य, हे समीकरण इतके दृढ आहे! परंतु माळावर लावलेल्या झाडांच्या रांगेमुळे माळढोकाची नजर अडते, ससाण्या-कावळ्यांना टेहळणीस जागा मिळते, आणि सावलीत शेडा-मारवेल मरू लागते. मेलेल्या गवताबरोबर मेंढपाळाचे कुरणही जाते. बहुधा ही रोपे तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत वाळून जातात, मागे उरतात ते चर. चर खणताना उपटलेली जुनी ठोंबे मात्र परत येत नाहीत.

हवामान स्वतःच बदलू लागले आहे, हा या विषयातील नवा पेच. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस झाला. त्याच अतिवृष्टीत रायगड जिल्ह्यातील तळिये गावावर दरड कोसळली. तापमान वाढले की जीवजाती थंडाव्यासाठी अधिक उंचीकडे सरकतात, असे जगभर आढळते. हिमालयातील जीवांना वर सरकण्यास जागा आहे. महाराष्ट्रातील सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर. महाराष्ट्रातील घाटमाथा बहुतेक ठिकाणी त्याहून पुष्कळ खाली. आंबोलीच्या त्या भेकाला वर जाण्यास डोंगरच उरलेला नाही. माळाचे तसे नाही. बहुवर्षायू गवताने साठवलेला कर्ब जमिनीखाली असतो, आणि आग वा दुष्काळ आला तरी त्याचा बराचसा भाग तेथेच राहतो. पाऊस लहरी होत चाललेल्या प्रदेशात ही ठेव झाडाच्या खोडातील ठेवीपेक्षा अधिक सुरक्षित मानणारे अभ्यासक आज बरेच आहेत.

मग संस्थांनी वृक्ष लावूच नयेत काय? लावावेत, ओढ्याकाठी करंज, उंबर, जांभूळ लावावे, रस्त्याच्या कडेला वड-लिंब लावावा, गावाच्या वेशीपाशी चिंच, जुन्या देवराईच्या कडेने तेथलीच झाडे. आणि गावचा माळ हाती आला तर तेथे वेगळे काम आहे. ते कमी खर्चाचे असते, पण त्याचे छायाचित्र चांगले येत नाही, म्हणून मागे पडते. प्रथम त्या माळावर कोणते गवत आहे हे एखाद्या जाणत्या मेंढपाळाला विचारावे. त्याला पुस्तकातील नाव माहीत नसले तरी कोणते गवत मेंढी आधी खाते हे तो अचूक सांगतो. मग गावाशी बोलून माळाचे तीन-चार भाग पाडावेत आणि पाळीपाळीने एकेक भाग पावसाळ्यात चराईला बंद ठेवावा. अतिचराईने झिजलेल्या जागी आधी हलकी वर्षायू गवते येतात, त्यांच्यामागून कुसळी, आणि संरक्षण टिकले तर पुढे शेडा, मारवेल, डोंगरी. कापणी कार्तिकात, बी झडल्यावर करावी. झिजून पार उघड्या पडलेल्या तुकड्यावर शेजारच्याच माळावरचे बी गोळा करून मृगाच्या सरीआधी विखरावे, बाहेरून आणू नये. आणि पहिली दोन वर्षे तेथे कुदळ लावू नये.